सप्टेंबर सोडून

"दोघांसाठी, आठ दिवस, आल्प्स पर्वत," सावर्डेकर म्हणाले आणि त्यांनी लिफाफा अण्णांच्या हातात दिला. "जाण्यायेण्याच्या विमानासकट."

अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. ते ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी लिफाफा उलटा केला, सुलटा केला आणि न उघडताच शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे दिला.

"आल्प्स म्हणजे कुठेसा आला तो?"

"स्वित्झर्लंडला."

"म्हणजे गगनबावड्याच्या पुढे," अण्णा म्हणाले आणि त्यांनी झोपाळ्याला पायाने एक रेटा दिला.

सावर्डेकर हसले. ते औषधाच्या कंपनीचे माणूस. आंब्यावर जे फवारतात ते खरं तर विष, पण आमच्या देवगडात त्याला औषधच म्हणतात. त्या वर्षी कंपनीने बागायतदारांसाठी सोडत काढली होती आणि आमच्या तालुक्यातून 'सोहोनी बंधू' हे नाव निघालं होतं. ह्या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते आणि ह्या घरात येऊन मला सतरा वर्षं झाली होती.

"फॉर्मवर चार तारखा छापल्यात," सावर्डेकर सांगत होते. "पुढच्या वर्षी जानेवारी, मे, जुलै आणि सप्टेंबर अखेर. चारी ऋतूंत चार गट जाणार. तुम्हाला जो ऋतू बरा वाटेल त्यावर खूण करा आणि खाली दोन नावं लिहा. पासपोर्टचं आम्ही बघू, म्हणूनच जरा घाई आहे. आज गुरुवार. पुढच्या गुरुवारी मी फॉर्म न्यायला येतो."

आतल्या दारात वहिनी आणि मी कोकम सरबताचे पेले घेऊन उभ्या होतो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, अण्णांची बायको. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. सरबत द्यायचं दोघीही विसरलो होतो.

सावर्डेकर फाटकाबाहेर पडले आणि आमच्या घरात जे सुरू व्हायचं ते लगेच सुरू झालं.

"श्रीपाद, तुम्ही दोघं जाऊन या," अण्णा म्हणाले.

"छे, भलतंच," आमचे हे म्हणाले. "मोठ्यांनी जायचं. तू आणि वहिनी जा."

"आम्हाला आता ह्या वयात काय करायचाय आल्प्स?"

"मग आम्हाला तरी काय करायचाय?"

स्वयंपाकघरात वहिनी मला म्हणाल्या, "कुंदा, तूच जा बाई. तुझं वय आहे हिंडायचं." मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला सोडून मी जाईन असं वाटलं तरी कसं तुम्हाला?" हे सगळं आम्ही अगदी मनापासून म्हणत होतो, असं कोणालाही वाटलं असतं. आमच्या घरात डब्यातली शेवटची नारळाची वडी अशीच दोन-दोन दिवस पडून राहायची. हा म्हणे तू घे, तो म्हणे तू घे, आणि शेवटी ती मुंग्यांच्या तोंडी जायची.

मला जायचं होतं. हे आज सांगायला माझं काही जात नाही. मला इतकं जायचं होतं की त्या संध्याकाळी मी आमटीत दोनदा मीठ घातलं. मला बर्फ पडताना बघायचा होता, ते तर होतंच, पण खरं सांगायचं तर मला आठ दिवस कोणीतरी आयतं ताट पुढ्यात आणून ठेवायला हवं होतं. कोणीतरी विचारावं, "बाई, तुम्ही काय घेणार?" आणि मी "आधी सगळ्यांचं होऊ दे" असं न म्हणता काहीतरी सांगावं. सतरा वर्षांत मी लांबात लांब गेले होते ती कोल्हापूरला, आणि तेही अण्णांच्या हर्नियाच्या ऑपरेशनला.

आता आमच्या घरातली कामाची वाटणी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. जानेवारी म्हणजे मोहोर. मोहोर आला की फवारणी, आणि फवारणी अण्णांची. तुडतुडा पडला की नाही हे ते पान न उलटता सांगायचे. तेव्हा जानेवारीत अण्णांनी घर सोडणं शक्य नव्हतं. जुलै म्हणजे भाताची लावणी, आणि लावणी आमच्या ह्यांची. चिखल किती हवा, गडी कुठले आणायचे, सगळं ह्यांच्या डोक्यात. तेव्हा जुलैत आम्ही दोघं कुठे हलू शकत नव्हतो. मे महिन्यात आंबा. त्या महिन्यात आमच्याकडे कोणी मेलं तरी लोक म्हणायचे, जरा थांबायला काय झालं होतं.

राहिला सप्टेंबर. गणपती आटोपलेले, भात उभं, आंब्याची झाडं गप्प. सप्टेंबरच्या अखेरीस अण्णाही मोकळे आणि हेही मोकळे.

म्हणजे आल्प्सला कोणत्या ऋतूत जावं हा खरा प्रश्नच नव्हता. जानेवारीवर खूण झाली की आम्ही जाणार, जुलैवर झाली की अण्णा-वहिनी. कोणी कोणाला "मला जायचंय" असं म्हणायची गरजच नव्हती. मला हे शुक्रवारी सकाळी घावन काढता काढता कळलं. वहिनींना बहुतेक माझ्या आधी कळलं असावं, कारण मी पहिला घावन उलटते न उलटते तोच त्या म्हणाल्या, "कुंदा, तिकडे जुलैत फार छान असतं म्हणे."

"कोण म्हणे?"

"सगळेच म्हणतात. हिरवंगार असतं. फुलंच फुलं."

"हिरवं बघायला तिथवर कशाला जायला हवं, वहिनी? आपल्याकडे जुलैत काय निळं असतं?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "तसं तर बर्फ बघायला तरी कशाला जायला हवं? बंदरावर बर्फाचा कारखाना आहे की."

आणि आम्ही दोघी हसलो. त्या आठवड्यात आम्ही फार हसलो.

शनिवारी वहिनींनी माळ्यावरून एक जुनं कॅलेंडर शोधून काढलं. कुठल्याशा बँकेचं होतं. त्यात आल्प्सचं चित्र होतं. हिरवी कुरणं, मधे एक लाकडी घर, आणि खिडक्यांमधून लाल फुलं. ते त्यांनी स्वयंपाकघरात पिंपाच्या वर टांगलं, म्हणजे पाणी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला जुलै दिसावा. मी लगेच आमच्या मंजिरीचं, म्हणजे माझ्या मुलीचं, भूगोलाचं पुस्तक घेतलं. त्यात आल्प्सचा बर्फाने भरलेला फोटो होता. ते पुस्तक मी त्या पानावर उघडं करून जेवणघरातल्या कोनाड्यात ठेवलं. मंजिरी दोन दिवस पुस्तक शोधत होती. मी तिला म्हटलं, आठवत नसेल तर नीट शोध.

आल्प्सबद्दल आमच्या घरात तेवढं ज्ञान पूर्वी कधी नव्हतं आणि नंतरही कधी झालं नाही. वहिनींचा भाचा जर्मनीत होता. त्याला पोस्टातून फोन लावून त्यांनी जानेवारीची थंडी विचारून घेतली आणि जेवायला बसल्यावर सगळ्यांना सांगितली.

"उणे पंधरा," त्या ह्यांच्या पानात भात वाढत म्हणाल्या. "तोंडातून निघालेली वाफ म्हणे मिशीवर गोठते. श्रीपादभावजी, तुमची छाती नाजूक. मागच्या वर्षी साध्या पावसात भिजलात तर पंधरा दिवस खोकत होतात."

"कोणाला जायचंय पण?" हे म्हणाले आणि त्यांनी आमटी मागितली.

मी म्हटलं, "जुलैत तिकडे दुपारी दुपारी विजा कडाडतात. आणि त्या कुरणांतून चढउतार फार असते. वहिनी, तुमच्या गुडघ्यांना झेपेल ना? मला आपली तुमचीच काळजी."

"माझे गुडघे ठीक आहेत."

"परवा जिना चढताना तुम्ही म्हणत होतात."

"परवा मी पाय दुखतोय म्हणाले. गुडघा नाही म्हणाले."

अण्णा भात कालवत होते. त्यांच्या कानावर ह्यातलं काही पडत होतं की नाही, देव जाणे. अण्णांना सरळ बोललेलं कळायचं. तिरकं बोललेलं त्यांच्या डोक्यावरून जायचं आणि तेच त्यांचं मोठेपण होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मला त्यांचा राग यायचा.

सोमवारी वहिनींनी नवीच चाल केली. त्यांनी आमच्या ह्यांचं कौतुक सुरू केलं. पडवीत सुपाऱ्या निवडताना येईल-जाईल त्याला त्या सांगत होत्या, "लावणी करावी ती श्रीपादभावजींनी. त्यांच्या हाताला गुण आहे. जुलैत ते घरात नसतील तर शेतात दाणा पिकायचा नाही." सतरा वर्षांत वहिनींनी ह्यांचं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. हे इतके खूश झाले की संध्याकाळी मला म्हणाले, "वहिनी किती ओळखून आहेत बघ."

मी काय गप्प बसणार? मी चहा घेऊन अण्णांकडे गेले. "अण्णा," म्हटलं, "जानेवारीत तुम्ही घरात नसलात तर मोहोराकडे कोण बघणार? ह्यांना काही तुडतुडा आणि मुंगी ह्यांतला फरक कळत नाही."

"खरं आहे," अण्णा म्हणाले. "नाहीच कळत."

माझ्या नवऱ्याची अब्रू मी अशी जानेवारीपायी घालवली.

मंगळवारी आम्ही दोघी पाध्ये मास्तरांकडे गेलो. पाध्ये मास्तर हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. एकटेच राहायचे. जगातल्या सगळ्या नद्या, वारे आणि घाट त्यांना तोंडपाठ होते आणि स्वतः ते आयुष्यात रत्नागिरीच्या पलीकडे गेले नव्हते. निमित्त केलं होतं लोणच्याच्या बरणीचं. कोणी एकटी गेली असती तर दुसरीला संशय आला असता, म्हणून दोघीही गेलो.

"मास्तर," वहिनींनी सुरुवात केली, "आल्प्सला फुलं बघायची तर जुलैच ना?"

"फुलांना जुलै उत्तम," मास्तर म्हणाले.

वहिनींनी पदर सावरला.

"पण मास्तर," मी म्हटलं, "बर्फ बघायचा तर जानेवारीच ना?"

"बर्फाला जानेवारी उत्तम."

आता मी पदर सावरला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना कोणीतरी बऱ्याच वर्षांनी काहीतरी विचारलं होतं आणि ते असे सोडणार नव्हते.

"पण तुम्ही मला विचाराल तर," ते म्हणाले, "ह्यातलं काहीच नाही. जानेवारीत दिवस इवलासा. चारला उजेड गेला की खोलीत बसा. जुलैत गर्दी आणि दुपारची वादळं. मे तर काढूनच टाका, बर्फ वितळून सगळा राडा, वर जाणाऱ्या पाळण्यांच्या गाड्यासुद्धा दुरुस्तीला बंद. आल्प्सला जावं ते सप्टेंबर अखेरीस. आकाश स्वच्छ, गर्दी ओसरलेली, शिखरांवर बर्फ आणि खाली गवत अजून हिरवं. आणि त्याच दिवसांत गुरं वरच्या कुरणांवरून खाली गावात आणतात. गाईंच्या डोक्याला फुलांचे मुकुट, गळ्यात ह्या एवढाल्या घंटा. सगळं गाव रस्त्यावर येतं." मास्तरांनी दोन्ही हातांनी घंटा दाखवली. "सप्टेंबर. दुसरा विचारच करू नका."

सप्टेंबरमध्ये सगळे मोकळे. सप्टेंबरवर खूण करायची म्हणजे कोणी जायचं ते तोंडाने बोलून ठरवायला लागणार. चौघांनी समोरासमोर बसायचं आणि कोणीतरी म्हणायचं, आम्हाला जायचंय. वहिनींनी लोणच्याची बरणी मास्तरांपुढे सरकवली आणि आम्ही दोघी उठलो.

परत येताना अर्ध्या रस्त्यात वहिनी म्हणाल्या, "सप्टेंबर अखेर म्हणजे पितृपक्ष."

"तेच माझ्या मनात आलं," मी म्हटलं.

"पितृपक्षात कोणी शुभकार्याला निघतं का?"

"छे. आणि मामंजींची तिथी असते."

"मास्तरांना काय कळणार त्यातलं, एकटा माणूस."

"नुसतं पुस्तकी ज्ञान."

मामंजींची तिथी एक दिवसाची आणि सहल आठ दिवसांची. शिवाय आल्प्सला जाणं हे काही शुभकार्य नव्हतं. पण त्या आठवड्यात आमचं दोघींचं जे एकमेव एकमत झालं ते ह्यावर झालं. आम्ही इतक्या गुण्यागोविंदाने घरी आलो की दारात उभे असलेले हे म्हणाले, "आज काय, लोणचं बरं झालं होतं वाटतं."

बुधवारी दुपारी चहा झाल्यावर अण्णांनी सगळ्यांना ओटीवर बोलावलं. फॉर्म झोपाळ्यावर होता. त्यावर लिमलेटच्या गोळ्यांची बरणी ठेवली होती, उडू नये म्हणून. अण्णांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं.

"उद्या सावर्डेकर येतोय," ते म्हणाले. "आठ दिवस मी ह्या घरात बर्फ आणि फुलं ऐकतोय. मला त्यातलं कळत नाही. मी सरळ विचारतो. कोणाला जायचंय?"

असा प्रश्न त्या घरात पूर्वी कोणी कोणाला विचारला नसेल. मी खांबाला टेकून उभी होते. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या.

"मला विचाराल तर," हे म्हणाले, "मी कुठेच जायचा नाही. मला विमानात श्वास लागेल. पण कुंदाला हौस असली तर जाऊ, दुसरं काय."

म्हणजे आता मीच बोलायचं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला कळत होतं की एक शब्द पुरे आहे. 'हो' म्हटलं की झालं. आणि हेही कळत होतं की तो शब्द वहिनींच्या देखत निघाला तर पुढची सगळी वर्षं, कोणी काही बोललं नाही तरी, धाकटीने मागून घेतलं असंच होणार.

"मला कसली हौस?" मी म्हटलं. "मी आपली वहिनींसाठी चौकशी करत होते. त्यांनी जावं."

"माझ्यासाठी?" वहिनी म्हणाल्या. "मी तर सगळं तुझ्यासाठी विचारत होते गं. मला काय करायचंय? थंडी मला सोसत नाही."

"जुलैत थंडी नसते, वहिनी."

"आणि गुडघ्यांचं काय? तूच म्हणालीस."

"मग जानेवारीत..."

"जानेवारीत तू जा."

"मी नाही. तुम्ही गेल्याशिवाय मी नाही जाणार."

"मग दोघीही नको. राहू दे."

"राहू दे," मी म्हटलं.

वहिनी "राहू दे" म्हणाल्या तेव्हा मला वाटलं होतं की आता अण्णा म्हणतील, अगं असं कसं, आग्रह करतील, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा कोणीतरी ऐकेल. असंच व्हायला हवं होतं. जेवताना पोळी वाढतात तेव्हा असंच होतं. वहिनीही त्याचीच वाट बघत असणार, कारण त्या उंबऱ्यातून उठल्या नव्हत्या.

अण्णांनी फॉर्म उलटला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काहीतरी होतं, ते त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"सहल नको असल्यास फवारणीचा एक पॉवर पंप मिळेल," ते म्हणाले. "तीन अश्वशक्ती."

"पितळी नळीचा?" ह्यांनी विचारलं.

"पितळी."

"अरे मग आधी नाही का सांगायचं," हे म्हणाले. "आपला जुना केव्हाचा गळतोय."

अण्णांनी पंपावर खूण केली, सही केली आणि पेनाला टोपण लावलं. एवढ्याच आवाजात आल्प्स पर्वत आमच्या घरातून गेला. वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "चांगलं झालं. कामाची वस्तू आली." मीही म्हटलं, "हो ना, कामाची." स्वयंपाकघरात जाऊन मी कांदा चिरायला घेतला. त्या दिवशी जेवणात कांद्याचं काहीही नव्हतं.

पंप दिवाळीनंतर आला. जानेवारीत अण्णांनी त्याने फवारणी केली, जुलैत ह्यांनी लावणी केली. वहिनींनी कॅलेंडर काढून पुन्हा माळ्यावर टाकलं. मंजिरीला पुस्तक सापडलं. त्या विषयावर घरात कोणी बोललं नाही. मी खोटं नाही सांगत, जानेवारीत आणि जुलैतही मला रोज आठवण व्हायची. आज तिथे असते, असं मी मनात म्हणायची. जुलैत तर असत्या त्या वहिनी, पण तेव्हा मनात मीच असायची.

ऑक्टोबरात सावर्डेकर आले. पंप कसा चालतो ते बघायला आले होते. अण्णा आणि हे त्यांना खालच्या बागेत नेणार होते. निघता निघता त्यांनी पिशवीतून फोटोंचा गठ्ठा काढून वहिनींच्या हातात दिला.

"सप्टेंबरच्या गटाचे आहेत," ते म्हणाले. "आत्ताच आले धुवून. तोवर बघा तुम्ही. चारी गटांत ह्यांचीच चंगळ झाली. काय हवा, काय आकाश."

आम्ही दोघी ओटीवर बसून फोटो बघायला लागलो. वहिनी एकेक बघून मला देत होत्या. डोंगर, तळं, लाकडी घरं. अनोळखी बागायतदार स्वेटर घालून ताठ उभे. मग एका फोटोवर वहिनी थांबल्या. त्यात दोन बायका होत्या. दोघीही साडीत, वरून जाड कोट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि दोघींच्या मधे फुलांचा मुकुट घातलेली एक गाय. एकीने गाईच्या घंटेला हात लावला होता आणि दुसरी इतकी हसत होती की तिचे डोळे मिटले होते.

"ह्या कोण हो?" वहिनींनी पायऱ्या उतरणाऱ्या सावर्डेकरांना विचारलं. "ह्यांचे यजमान कुठे आहेत?"

"त्या होय? राजापूरकडच्या. जावाजावा आहेत," सावर्डेकर म्हणाले. "दोघींचेही यजमान घरी. त्यांना विमानाची भीती. मग ह्या दोघीच गेल्या."

"चालतं असं?" वहिनींनी विचारलं.

"न चालायला काय झालं? दोन नावं हवी होती आम्हाला. कोणाची का असेनात." आणि ते अण्णांच्या मागून बागेत उतरले.

ओटीवर कोणी नव्हतं. आम्ही दोघीच. आठ दिवस मी वहिनींना जुलैतून हुसकलं आणि त्यांनी मला जानेवारीतून, आणि आम्ही दोघी एका फॉर्मवर मावत होतो हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात वावरून आलं नाही. मला हसू यायला हवं होतं. मला रडू येत होतं.

वहिनींनी फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला. मग तो मांडीवर ठेवून, माझ्याकडे न बघता, त्या म्हणाल्या, "कुंदा, मला जायचं होतं गं."

वहिनींच्या तोंडून 'मला' हा शब्द असा मी पहिल्यांदाच ऐकला. साडी घेताना नाही, दागिना घेताना नाही, आजारी असताना औषधसुद्धा त्यांनी कधी मागून घेतलं नव्हतं. त्यांनी मान वर केली आणि त्या माझ्या बोलण्याची वाट बघत राहिल्या. मला फक्त 'मलाही' म्हणायचं होतं. तीन अक्षरं. ती माझ्या जिभेवर होती, आणि ओटीवर ऐकायला तिसरं कोणीही नव्हतं.

"मग जायचं होतंत ना, वहिनी," मी म्हणाले. "मी कुठे नको म्हटलं होतं?"

वहिनींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तू कशाला नको म्हणशील." त्यांनी फोटो गठ्ठ्यात नीट बसवला, गठ्ठा माझ्या हातात दिला आणि पुरुषमंडळी परत यायच्या आत चहाचं आधण ठेवायला त्या आत गेल्या.